दुसऱ्याच्या मापाची गोळी

१९७१ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये, जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत, कुत्र्याची प्लीहा शरीराबाहेर काढून जिवंत ठेवलेली असे. तिच्यातून सतत एक द्रव फिरवला जाई आणि बाहेर पडलेला द्रव खाली टांगलेल्या स्नायूंच्या बारीक पट्ट्यांवरून ओघळत जाई. कुठे उंदराच्या जठराची पट्टी, कुठे आतड्याचा तुकडा. प्लीहेला अॅड्रेनालिन दिलं की ती प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सोडी, पट्ट्या आकसत आणि कागदावरची रेघ वर चढे. मग त्या द्रवात इंडोमेथासिन किंवा अॅस्पिरिन मिसळलं. प्लीहा प्रोस्टाग्लँडिन सोडेनाशी झाली, रेघ खालीच राहिली.

अॅस्पिरिन बाजारात येऊन तोवर सत्तर वर्षं उलटली होती. कोट्यवधी लोकांनी ते गिळलं होतं, पण ते दुखणं थांबवतं कसं हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. व्हेन, ब्राझीलचे सर्जिओ फरेरा आणि होंडुरासचे साल्वाडोर मोंकाडा यांनी कुत्र्याच्या प्लीहेवर केलेलं काम त्या वर्षी जूनमध्ये छापून आलं. सोबत गिनीपिगच्या फुप्फुसावरचा आणि माणसाच्या रक्तबिंबिकांवरचा असे आणखी दोन निबंध होते. १९८२ मध्ये व्हेन नोबेलचे मानकरी ठरले. दाह कमी करणाऱ्या वेदनाशामकांचं कोडं सोडवण्यात कुत्रं असं पहिल्या रांगेत होतं. त्याच्या स्वतःच्या दुखऱ्या खुब्यासाठी नव्या पिढीची, त्याच्याच शरीरावर नीट पारखलेली गोळी यायला मात्र आणखी पंचवीस वर्षं जावी लागली.

व्हेन यांच्या शोधामुळे एक अडचणीची गोष्टही उघड झाली. सांध्यात सूज आणि ठणका वाढवणारी प्रोस्टाग्लँडिनं शरीरात इतरत्र उपयोगाची कामं करतात. जठरात ती आतल्या अस्तरावर श्लेष्म्याचा थर राखतात, तिथला रक्तपुरवठा टिकवतात. रक्तदाब घसरला, अंगातलं पाणी कमी झालं, तर मूत्रपिंडाला रक्त मिळत राहील याची काळजी तीच घेतात. म्हणजे एकच मुख्य नळ बंद करायचा, मग स्वयंपाकघरातलं गळणं थांबतं आणि मोरीही कोरडी पडते. गुण आणि अपाय दोन्ही एकाच क्रियेतून येतात. आता प्रश्न राहतो तो मात्रेचा : कुणाला, किती आणि किती वेळाने.

इथेच सगळी गफलत झाली.

बर्नार्ड ब्रॉडी आणि त्यांचे अमेरिकी सहकारी १९५०च्या दशकात फेनिलब्युटाझोनवर काम करत होते. स्वित्झर्लंडच्या गायगी कंपनीचं हे औषध तेव्हा नवंकोरं होतं. संधिवाताच्या माणसांना आणि पुढे शर्यतीच्या घोड्यांना ते भरपूर दिलं गेलं. ब्रॉडींच्या गटाला दिसलं की माणसाच्या रक्तातलं हे औषध निम्म्यावर यायला सुमारे ७२ तास लागतात, कुत्र्यात मात्र सहाएक तासांतच ते निम्मं होतं. माणसाच्या हिशेबाने कुत्र्याला डोस दिला तर औषध केव्हाच संपून गेलेलं असेल. यावरून एखाद्याला वाटावं की कुत्र्याचं यकृत भलतंच तडफदार आहे, त्याला काहीही पचतं. नॅप्रोक्सेनने हा समज उलटा करून ठेवला. माणसात हे औषध बारा ते पंधरा तासांत निम्म्यावर येतं. कुत्र्यात त्याला सरासरी ७४ तास लागल्याचं १९८०च्या सुमारास मोजलं गेलं. कुत्रं ते मुख्यतः पित्तावाटे आतड्यात सोडतं, आतडं ते पुन्हा शोषून घेतं आणि औषध शरीरात गोल गोल फिरत राहतं. सकाळ-संध्याकाळ गोळी द्यावी तर आधीच्या तीन-चार गोळ्या अजून आतच असतात.

एकाच जातीची दोन औषधं आणि फरकाच्या दिशा परस्परविरुद्ध. वजनाने भागून माणसाच्या गोळीचा तुकडा करायचा, हा घरगुती हिशेब अशाने पहिल्याच पायरीवर कोसळतो.

आयबुप्रोफेनची गोष्ट तर औषध जन्मायच्या आधीच लिहिली गेली होती. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला बूट्स कंपनीत स्टुअर्ट अॅडम्स आणि जॉन निकोल्सन यांनी शेकडो संयुगं तपासून ते शोधलं. १९६९ मध्ये ते ब्रिटनमध्ये विक्रीला आलं. अॅडम्स यांनी आदल्या रात्रीच्या दारूने चढलेल्या डोकेदुखीवर ते स्वतः घेऊन पाहिलं होतं, हा किस्सा सगळीकडे सांगितला जातो. कमी सांगितला जाणारा भाग असा की विषारीपणा तपासताना उंदरांबरोबर कुत्रीही वापरली गेली आणि कुत्र्यांची जठरं फार लवकर सोलवटली. किलोमागे रोज आठ मिलिग्रॅम, महिनाभर. एवढ्यावर बाहेरून काही न दिसता आत व्रण पडलेले सापडले. कंपनीने त्यातून काढलेला अर्थ त्यांच्या कामापुरता बरोबर होता : कुत्रं या बाबतीत माणसाहून नाजूक आहे, त्यामुळे माणसाने घाबरायचं कारण नाही. उलट दिशेचा अर्थ, की मग ही गोळी कुत्र्याला देऊ नये, हा घरोघरी पोचायला कित्येक वर्षं गेली. अजून पुरता पोचलेला नाही. चारशे मिलिग्रॅमची गोळी साठ किलोच्या माणसाला किलोमागे सात मिलिग्रॅमच्या आत बसते. तीच आठ किलोच्या पॉमेरियनच्या पोटात गेली तर किलोमागे पन्नास.

इतकं ठाऊक असताना कुत्र्यासाठी वेगळं औषध कुणी का केलं नाही? पैसा हे एक कारण. दुसरं कारण जास्त अवघडल्यासारखं आहे. पशुवैद्यकात बराच काळ असं मानलं जाई की जनावराला दुखतं खरं, पण आपल्यासारखं नाही. शिवाय थोडं दुखलेलं बरं, त्यामुळे ऑपरेशननंतर ते स्वस्थ पडून राहतं, टाके तोडत नाही. यात निर्दयपणा कमी आणि सवय जास्त होती. कुत्रं कण्हत नाही, कोपऱ्यात जाऊन बसतं. कोपऱ्यात बसलेल्याला शहाणं म्हणायची पद्धत होती. १९८३ ते १९८९ या काळात अमेरिकेतल्या एका पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या २५८ कुत्र्या-मांजरांच्या नोंदी पुढे तपासल्या गेल्या, तेव्हा त्यातल्या जेमतेम ४० टक्क्यांना वेदनाशामक मिळालं होतं असं दिसलं. ही शिकवणाऱ्या रुग्णालयाची स्थिती. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातले तत्त्वज्ञ बर्नार्ड रॉलिन पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना नीतिशास्त्र शिकवत. जनावराची वेदना हा अभ्यासाचा विषय आहे हे पटवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं.

तोवर दवाखान्यात कामचलाऊ वाटा होत्या. अॅस्पिरिन सगळ्यात स्वस्त आणि हाताशी. १९८६ मध्ये साधं अॅस्पिरिन दिलेल्या कुत्र्यांच्या जठरात दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा अस्तरावर जखमा दिसल्या, आणि त्यातली बरीच कुत्री बाहेरून ठणठणीत होती. फेनिलब्युटाझोन होतं, पण ते अस्थिमज्जेवर घाला घालू शकतं, म्हणून माणसांच्या वापरातून जवळपास हद्दपार झालेलं. बाकी स्टेरॉइड. त्याने कुत्रं दोन दिवसांत उड्या मारू लागतं, आणि महिने गेले की पोट सुटतं, केस झडतात.

कार्प्रोफेन आलं ते या पार्श्वभूमीवर. हेसुद्धा मुळात माणसांसाठीच काढलेलं. रोश कंपनीचं हे औषध १९८०च्या दशकात काही देशांत माणसांनी घेतलं आणि मग ते बाजारातून गेलं. कारण व्यापारी होतं, विषारीपणाचं नव्हतं. पशुवैद्यकात मात्र त्याला दुसरा जन्म मिळाला. कुत्र्याच्या शरीरात ते आठेक तासांत निम्म्यावर येतं, म्हणजे दिवसातून एक-दोनदा द्यायला सोयीचं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर १९९६ मध्ये कुत्र्यांच्या संधिवातासाठी त्याला परवानगी दिली आणि १९९७ च्या सुरुवातीला फायझर कंपनीने ते ‘रिमाडिल’ नावाने बाजारात आणलं.

पुढची दोन वर्षं त्या गोळीच्या कौतुकात गेली. जिना चढायचं सोडलेली म्हातारी लॅब्राडोर पुन्हा गाडीत उडी मारू लागली, मालक डॉक्टरांना दुवा देऊ लागले. टीव्हीवर जाहिराती आल्या. नंतर यकृताच्या स्वादाची चघळायची गोळी निघाली, ती कुत्र्यांना इतकी आवडली की अख्खी बाटली फोडून फस्त करणाऱ्यांची स्वतंत्र डोकेदुखी होऊन बसली. आजही बाटलीवर ‘कुत्र्याच्या तोंडाला लागेल अशी ठेवू नये’ या अर्थाची सूचना असते. औषध कडू असण्याचेही काही फायदे असतात.

१९९८ मध्ये अमेरिकी पशुवैद्यक संघाच्या नियतकालिकात कार्प्रोफेन घेतल्यावर यकृत बिघडलेल्या २१ कुत्र्यांचा वृत्तांत आला. त्यातली १३ लॅब्राडोर. वाचणाऱ्यांनी लगेच ‘लॅब्राडोरला चालत नाही’ असा निष्कर्ष काढला, पण तो घाईचा होता. तिकडे लॅब्राडोर पुष्कळ पाळली जातात आणि त्यांचे खुबे-गुडघे लवकर जातात, त्यामुळे ही गोळी घेणाऱ्यांतही तीच जास्त असणार. गोळी थांबवल्यावर बहुतेक कुत्री सावरली, काही दगावली. कोणत्या कुत्र्याचं यकृत रुसणार हे आधी ओळखायचा उपाय नव्हता. जास्त डोस झाला म्हणून हे होत नव्हतं. ठरलेल्या डोसवरही एखाद्याच्या शरीराला ते मानवत नसे.

प्रशासनाकडे तक्रारींचा ढीग साचू लागला. १९९९ च्या अखेरीस त्यांनी रिमाडिलबद्दल सविस्तर निवेदन काढलं, पशुवैद्यांना पत्रं गेली, माहितीपत्रकात मृत्यूचा उल्लेख आला. मार्च २००० मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने पहिल्या पानावर लांबलचक बातमी केली, ही गोळी घेऊन बहुतेक कुत्री झकास राहतात, मरतात ती सोडून, अशा बोचऱ्या सुराचा तिचा मथळा होता. टीव्हीवरच्या जाहिरातीत मृत्यूची शक्यता बोलून दाखवा असं प्रशासनाने सुचवल्यावर कंपनीने जाहिरातीच बंद केल्या, असंही तेव्हा छापून आलं. मालकांनी सामूहिक दावा गुदरला आणि तो तडजोडीने मिटला.

त्या तक्रारी वाचताना एक गोष्ट पुनःपुन्हा टोचते. अनेक मालकांचं म्हणणं ‘औषध वाईट’ असं नव्हतंच. त्यांचं म्हणणं होतं की आम्हाला कुणी सांगितलं नाही. कुत्र्याने जेवण सोडलं, उलटी केली, मलूल झालं, तेव्हा त्यांनी ते म्हातारपण समजून गोळी चालूच ठेवली. काहींनी तर दुखतंय म्हणून एक जास्त दिली. माहितीपत्रक कंपनीच्या खोक्यात होतं आणि डॉक्टर खोक्यातल्या गोळ्या मोजून साध्या पुडीत घालून देत. कागद दवाखान्यातच राहायचा. त्यानंतर मालकासाठी वेगळा, सोप्या भाषेतला कागद देण्याची रीत पडली : खाणं कमी झालं, वागणं बदललं, कातडी लाल झाली, उलट्या-जुलाब किंवा डांबरासारखी काळी शी झाली, तर गोळी थांबवा आणि फोन करा. गोळी सुरू करण्याआधी रक्त तपासून यकृत-मूत्रपिंड पाहण्याचा आग्रहही याच काळात वाढला. माझ्या मते कुत्र्यांच्या वेदनाशामकांच्या इतिहासातली सगळ्यात मोठी सुधारणा हा साधा कागद आहे. एकाही नव्या रेणूने इतके जीव वाचवले असतील असं वाटत नाही.

रेणू मात्र येत राहिले. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कळलं होतं की प्रोस्टाग्लँडिन बनवणारं एन्झाइम दोन प्रकारचं असतं. कॉक्स-१ जठर-मूत्रपिंडाची रोजची देखभाल बघतं आणि कॉक्स-२ मुख्यतः दाह झाल्यावर जागं होतं. मग फक्त दुसरंच बंद करावं, म्हणजे जठर शाबूत राहील. हा विचार इतका देखणा होता की त्यावर विश्वास ठेवण्याचा मोह आवरेना. (दुसरं एन्झाइम जठराची जखम भरून काढायलाही लागतं, हे हळूहळू समजलं.) इथेही माप कुणाचं हा घोळ होताच. माणसाच्या एन्झाइमवर कार्प्रोफेन दोन्हींना जवळपास सारखंच रोखतं. कुत्र्याच्या एन्झाइमवर १९९८ मध्ये तपासलं तेव्हा त्याचा कल दुसऱ्याकडे शंभर पटींहून जास्त निघाला. पुढे कुत्र्याच्या रक्तावरच्या चाचण्यांत हा आकडा कितीतरी खाली आला. जाहिरातीत कोणता आकडा वापरला जाई, हे सांगायला नको.

२००२ मध्ये डेराकॉक्सिब आलं, कुत्र्यांसाठीचं पहिलं कॉक्सिब, म्हणजे मुख्यतः कॉक्स-२ रोखणारं औषध. त्याचे दोन डोस मंजूर होते. संधिवातासाठी किलोमागे एक ते दोन मिलिग्रॅम, आणि हाडाच्या ऑपरेशननंतर तीन ते चार, पण फार तर सात दिवस. व्यवहारात सात दिवसांचा मोठा डोस पुढे लांबत गेला. २००२-०३ मधल्या, जठराला किंवा आतड्याला आरपार भोक पडलेल्या २९ कुत्र्यांचा अभ्यास २००५ मध्ये छापून आला. त्यातली २६ अशी होती की ज्यांना मंजूर मात्रेपेक्षा जास्त औषध मिळालं होतं, किंवा त्याच सुमारास दुसरं वेदनाशामक अथवा स्टेरॉइड दिलं गेलं होतं. २९ पैकी २० वाचली नाहीत. काल स्टेरॉइड, आज ही गोळी, उद्या ती, मध्ये एक दिवसाचीही विश्रांती नाही. अपघात बहुतेक या सांध्यावरच होत होते. सप्टेंबर २००४ मध्ये माणसांचं व्हायॉक्स हे कॉक्सिब हृदयविकाराच्या भीतीने बाजारातून गेलं तेव्हा कुत्र्यांचे मालकही धास्तावले, पण माणसासारखा हृदयविकाराचा झटका कुत्र्यात दुर्मिळ. तिथे खरी भीती जठराची, यकृताची आणि मूत्रपिंडाची. तीही जुलाबाने शोषलेल्या किंवा भूल दिल्यावर रक्तदाब घसरलेल्या कुत्र्यात जास्त.

भारतात गोष्टीला वेगळंच वळण मिळालं आणि त्यात कुत्रं मागच्या दाराने शिरलं.

परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चं. तिथून शिकून बाहेर पडणाऱ्याला लोक पिढ्यान्‌पिढ्या ‘गुरांचा डॉक्टर’ म्हणत आले. कुत्रं हा शहरी लोकांचा जोडविषय. त्यामुळे वेदनाशामकांचा मोठा बाजार होता गाई-म्हशी आणि बैलांचा. १९९०च्या दशकात डायक्लोफिनॅक स्वस्त झालं आणि लंगडणाऱ्या बैलाला, कासदाह झालेल्या म्हशीला एक इंजेक्शन टोचण्याची सर्रास पद्धत पडली. गुण येई. जे जनावर तरीही मरे, ते गावाबाहेर टाकलं जाई, आणि गिधाडं ते खात. याच दशकात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (बीएनएचएस) विभू प्रकाश यांना भरतपूरच्या अभयारण्यात गिधाडं झपाट्याने कमी होताना दिसली. कारण सापडलं २००४ मध्ये, पाकिस्तानच्या पंजाबात, लिंडसे ओक्स यांच्या गटाला : मेलेल्या गिधाडांच्या आतड्यांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचलेला, मूत्रपिंडं निकामी आणि त्यांत डायक्लोफिनॅक. किलोमागे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम एवढीच मात्रा गिधाडाला पुरेशी ठरते. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. मुंबईच्या डुंगरवाडीत, जिथे मृतदेह गिधाडांसाठी ठेवले जात, पारशी समाजाला सूर्यकिरण एकवटणारी यंत्रं बसवावी लागली ती यामुळेच.

गावाबाहेर टाकलेल्या त्याच मेलेल्या जनावरांवर भटकी कुत्रीही जेवत होती. कुत्र्याच्या जठराला डायक्लोफिनॅकची गोळी सोसत नाही, पण मांसात उरलेल्या अंशाने त्यांचं काही बिघडल्याचं दिसलं नाही, आणि गिधाडं गेल्यावर ताट त्यांच्या एकट्यांसमोर उरलं. २००८ मध्ये अर्थतज्ज्ञ अनिल मार्कंडेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंदाज बांधला की गिधाडं नाहीशी झाल्यामुळे १९९२ ते २००६ मध्ये देशात पन्नास लाखांहून जास्त कुत्री वाढली आणि रेबीजचे सत्तेचाळीस हजारांहून अधिक जादा मृत्यू ओढवले. अंदाजच तो, त्यावर वाद घालता येईल. पण बैलाच्या दुखऱ्या पायावरचं इंजेक्शन कुत्र्याच्या चाव्यापर्यंत पोचतं, ही साखळी कुणी खोडून काढलेली नाही.

मे २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर भारतात बंदीची पावलं पडली. पर्याय म्हणून पुढे आलं मेलॉक्सिकॅम, जे युरोपात कुत्र्यांच्या संधिवातासाठी आधीपासून वापरात होतं आणि गिधाडांवर तपासल्यावर निर्धोक ठरलं. माणसांच्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनच्या बाटलीची मर्यादा तीन मिलिलिटर झाली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅक जनावरांसाठी बंद झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये निमेसुलाइड.

या बंद्या गोठ्यातल्या औषधांच्या. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधल्या कुत्र्याचा प्रश्न वेगळ्या दुकानात आहे. दवाखान्यात मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेन लिहून मिळतं, पण रविवारी रात्री कुत्रं लंगडू लागलं की आधी घरातला औषधांचा डबा उघडला जातो, त्यात आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉलची जोडगोळी असते, आणि नसली तर कोपऱ्यावरचा मेडिकलवाला देतो. गोळी कुणाला हवी आहे हे तो विचारत नाही. सोमवारी दवाखान्यात पोचेपर्यंत कुत्र्याला दोन उलट्या झालेल्या असतात, आणि डॉक्टरांना आधी लंगडण्याचं कारण न शोधता घरात काय दिलं ते काढून घ्यावं लागतं. ते कळल्यावर त्यांनाही लगेच दुसरं वेदनाशामक टोचता येत नाही. पहिली गोळी अंगातून जाईपर्यंत काही दिवस थांबावं लागतं, आणि तेवढे दिवस कुत्रं लंगडतच राहतं.